तळातली नाल

पंचगंगेचं पाणी चढू लागलं तशी गावातली जुनी फायबरची होडी शेडात दुरुस्तीला आणली. यल्लाप्पा मिस्त्रीनं तळावरची फळी उचलली. खाली साचलेल्या पाण्यात, तळाला घोड्याची नाल ठोकलेली होती. खिळे गंजून फायबरच्या आतलं लाकूड भुसभुशीत झालं होतं. होडीवाल्या बाबासोची आई आक्का म्हणाली, “मीच ठोकलीया. गेल्या महापुरात समद्यांना तिनंच तारलं.” “आक्का, त्या खिळ्यांतनंच पाणी शिरतंय. हितं लोखंड ठोकू नकासा.” मिस्त्रीनं नाल उपटून कट्ट्यावर हातोडीशेजारी ठेवली. आक्का तिच्याकडं बघत राहिली. त्यानं कुजका भाग घासला, वाळवला, नवे थर चढवले. दोन दिवसांनी तो हत्यारं न्यायला आला तेव्हा होडी वीस माणसं घेऊन भर पुरात होती. शेडाच्या दारात आक्का हात जोडून म्हणाली, “आता कसलं भ्या न्हाय.” मिस्त्रीनं कट्ट्याकडं बघितलं. हातोडी होती, नाल नव्हती.