मुका फुलोरा

डोळे गेलेले सासरे बऱ्याच वर्षांनी लेकीकडून परतले आणि आल्या आल्या शेतावर निघाले. सुनेने हात धरून त्यांना बांधावर आणलं. सूर्यफूल असं बहरलं होतं, की तिचा ऊर भरून आला. सासरे मात्र कान देऊन उभे राहिले. “पोरी, फुलं आली नाहीत का अजून?” तिने हसून एक फूल त्यांच्या हातात दिलं. पाकळ्या चाचपताना त्यांची बोटं थबकली. “मग मधमाश्या, भुंगे कुठे गेले गं?” तिने फुलाफुलांवरून नजर फिरवली. तेवढ्यात पलीकडे नवऱ्याचा फवारणीपंप घरघरला. ती ओरडत धावली. “अहो, बंद करा!” त्याने दचकून पंप थांबवला. “काय झालं? साप निघाला?” “नाही. ऐका जरा.” त्याने कान टवकारले. एवढ्या फुलोऱ्यात साधी गुणगुणही नव्हती. “आता माश्यांवाचून दाणा भरायचा कसा?” म्हणत त्याने पाठीवरचा पंप खाली उतरवला.