मामांचा लॅपटॉप

सेटिंग पुन्हा बदललेली होती. सलग सहाव्या दिवशी.

मामा खुर्चीत टेकले आणि समाधानाने, हो, समाधानानेच, च्च करून त्यांनी मान हलवली. बोलकी पुस्तकं रेकॉर्ड करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. लॅपटॉप वीज वाचवायला बघतो, मध्येच डुलकी काढतो आणि घासात खडा लागावा तसं आवाजात टक् होतं, हे ते झोपेतही सांगू शकले असते. पूर्ण ताकदीने चालायची सेटिंग बनवणारे आत कुठेतरी दडवून ठेवतात. ती हुडकून बाहेर काढली आणि लावली की लॅपटॉप सुतासारखा सरळ होतो. मामा ती रोज लावायचे. रोज सकाळी ती कोणीतरी काढलेली असायची.

कोणीतरी म्हणजे कोण? स्टुडिओच्या किल्ल्या दोनच. एक मामांकडे, दुसरी भाचीकडे. बहिणीची मुलगी म्हणून ठेवून घेतलेली, चार वर्षं हाताखाली शिकून कान तयार झालेली. आणि आवाज पास करणाऱ्याची खुर्ची एकच.

त्या टक्‌पायी पुस्तक अडलं होतं. मामा पास करेनात, वाचणारा तीच पानं चौथ्यांदा वाचून वैतागलेला, आणि प्रकाशकाने सोमवार ही शेवटची मुदत दिलेली. नाही जमलं तर काम दुसऱ्याला. तो दुसरा कोण असणार, हे मामांना आता स्पष्ट दिसत होतं.

"तिसऱ्या पानावर टक् ऐकलंस ना?" त्यांनी मुद्दाम विचारलं.

"नाही, मामा," भाची म्हणाली. नजर मात्र दुसरीकडे.

नाही कसं? बहिरी आहे का ही? शिवाय दुपारी ती जिन्यात फोनवर कुजबुजत होती, "मामांना इतक्यात काही कळायला नको." कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की. मामांना राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. हिला त्यांनी कडेवर घेऊन फिरवलं होतं.

शनिवारी ते तासभर आधी आले आणि वाचणाऱ्याच्या काचेच्या खोलीत दिवा न लावता बसून राहिले. भाची आली. तिने चपला काढल्या, मामांची खुर्ची पुसली, लॅपटॉप उघडला आणि बटणं दाबायला लागली.

मामांनी दार ढकललं. "सापडलीस. आता बोल."

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "हो, मीच काढते."

"खुर्ची हवी होती तर मागायचीस. अशी चोरी कशाला?"

भाची स्टुलावर बसली. "पहिल्यांदा टक् ऐकलंत तो दिवस आठवा, मामा. तुम्ही सेटिंग तीनदा तपासलीत. ती जागच्या जागी होती. त्या दिवशी तुम्ही डबासुद्धा उघडला नाहीत, नुसते कान दाबून बसलात. मला बघवेना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती बदलून ठेवली. तुम्हाला ती सापडली, लॅपटॉपच्या नावाने खडे फोडलेत आणि डबा चाटूनपुसून खाल्लात."

"आणि तो फोन?"

"आईचा होता. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुम्हाला सांगायचं कसं, तेच आम्हाला कळत नव्हतं."

मामा हट्टाने म्हणाले, "टक् लॅपटॉपमध्येच आहे."

भाचीने लॅपटॉप बंद केला, झाकण मिटलं, भिंतीवरचं बटण बंद केलं. हेडफोनची वायर उपसून त्यांच्या हातात दिली. मग तिने जाड दार लावून घेतलं आणि ती त्यांच्याशेजारी येऊन बसली.

दोघं ऐकत राहिली.

बऱ्याच वेळाने मामांनी मान खाली घातली.

"आत्ता झालं टक्," ते म्हणाले.