नमस्कार टाका
कारखान्याच्या मीटिंग हॉलमध्ये मॅनेजर निंबाळकर सरांचा मोबाइल मोठ्या पडद्याला जोडला होता. सगळ्या विभागांचा मिळून एक मेसेजिंग ग्रुप त्यांनी आमच्यासमोरच सुरू केला.

"आता प्रत्येकाने एकेक नमस्कार टाका बघू. यापुढे सर सापडत नाहीत असं कुणी म्हणायचं नाही!"

नमस्कार पडू लागले. सरांनी ज्याला ज्या नावाने सेव्ह केलं होतं, तेच नाव पडद्यावर दिसत होतं. स्टोअरचे पाटणकर 'चहाबाज' निघाले आणि हॉल खदखदून हसला. हसत हसतच मीही माझा नमस्कार पाठवला.

पडद्यावर माझं नाव उमटलं : 'फोन उचलायचा नाही'.

सुरक्षा विभाग माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी बॉयलरचं प्रेशर चढत होतं. तो बंद करायला सरांची परवानगी लागते, म्हणून मी त्यांना फोनवर फोन करत होते. बॉयलर फुटल्यावर हॉस्पिटलात त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "घाटात होतो हो मॅडम, रेंज नव्हती." बॉयलरवरच्या घाडगेला ते मीच पटवून दिलं होतं.

सरांनी घाईघाईने वायर खेचली. पडदा निळा झाला.

शेजारी घाडगे डाव्या हाताने नमस्कार टाइप करत होता. त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली असते. तो थांबला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी रेंज होती?"