कागीसानचे प्रश्न

यूकी बाकावर बसेपर्यंत कागीसान दाराशी रेंगाळला आणि मग नेमका तिच्याच शेजारी जाऊन बसला. बाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

जपानीच्या या वर्गात खऱ्या नावांना मज्जाव होता. पहिल्याच दिवशी बाई प्रत्येकाला एकेक जपानी शब्द बहाल करायच्या. तेवढेच सोळा शब्द सगळ्यांना फुकटात पाठ होत. कुलपं दुरुस्त करणाऱ्या या पन्नाशीच्या गृहस्थाला त्यांनी ‘कागी’ केलं, म्हणजे किल्ली, आणि वयाचा मान म्हणून पुढे ‘सान’ जोडला. कॉलेजात जाणारी, तोलूनमापून बोलणारी मुलगी झाली ‘यूकी’, म्हणजे बर्फ.

या वयात जपानी कशाला, असं बाईंनी त्याला विचारलं होतं. "वेळ जात नाही," तो म्हणाला होता. सकाळी आठला ज्याचं दुकान उघडतं, त्याचा म्हणे वेळ जात नाही! बाईंना ते तेव्हाच पचलं नव्हतं.

"त्सु," बाईंनी फळ्यावर टकटक केलं. "चोरातला च, चारातला नाही."

वर्गानं एकसुरात ‘त्सु’ म्हटलं. कागीसानचा ‘त्सु’ मागाहून आला. त्याचं लक्ष शेजारच्या वहीकडे होतं.

"क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. त्याच्यापुढे ‘का’ लावला की झाला प्रश्न. आपल्या ‘का’सारखाच आहे, घाबरू नका."

कागीसान घाबरत नव्हताच. त्याला प्रश्नच हवे असत. बाईंनी एकदा त्याची वही चाळली होती, तर पानंच्या पानं प्रश्न, आणि खाली मराठीत अर्थ. कुठे जातेस? कोणाबरोबर? परत कधी येतेस? सगळे आपले ‘जातेस’ आणि ‘येतेस’. उत्तर एकही लिहिलेलं नव्हतं.

शेवटची दहा मिनिटं जोडीनं संवादाचा सराव चाले. जोडीदार म्हणजे शेजारी बसला असेल तो. मराठी बंद, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच, नाहीतर गुण कापले जात. पहिल्याच आठवड्यात यूकी ऑफिसात जाऊन दुसरी बॅच मागून आली होती. दुसरी बॅच नव्हती. बाईंनी तेव्हा ते मनावर घेतलं नव्हतं, आणि आता त्याचीच त्यांना टोचणी लागली होती.

गेल्या शनिवारी यूकी आली नव्हती. पूर्ण तासभर कागीसान दाराकडे बघत बसला आणि वर्ग सुटल्यावर टेबलाशी घुटमळला.

"सेन्सेई," बाईंना सगळे जपानीत असंच म्हणत, "‘ताप उतरला का’ हे कसं म्हणायचं?"

"कोणाला आलाय ताप?"

"कोणाला नाही. असंच आपलं."

आज मंगळवार. यूकीचा चेहरा उतरलेला होता. सराव सुरू झाला आणि कागीसाननं घसा खाकरून शनिवारी शिकलेला तोच प्रश्न विचारला, "नेत्सु वा सागारिमाश्ता का?"

"हाय," यूकी त्याच्याकडे न बघता म्हणाली. हो.

बाईंचे कान टवकारले. पोरगी तापानं आजारी होती हे या माणसाला कळलं कुठून?

वर्ग सुटल्यावर वह्या तशाच टेबलावर टाकून बाई निघाल्या. पुढे यूकी, वीसेक पावलांवर कागीसान आणि त्याच्या मागे बाई, अशी ती वरात चालली. ती वळली की तो वळे, ती थांबली की तो दुकानांच्या पाट्या वाचू लागे. ती एका इमारतीत शिरली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडेपर्यंत तो फाटकाशी खिशातल्या किल्ल्या चाळवत उभा राहिला. कुलपं उघडणं हाच ज्याचा धंदा, त्याला कुठलं दार अडवणार? पोरीला काही बरंवाईट झालं तर लोक विचारतील, बाई, तुमच्या डोळ्यांसमोर बसत होता ना तो? मग काय तोंड दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लार्ककडून यूकीच्या आईला फोन करवला. शनिवारी वर्गाच्या वेळी या, मुलीला यातलं काही बोलू नका.

शनिवारी वर्ग भरला तशा बाई म्हणाल्या, "कागीसान, आज जागा बदला."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "नको, सेन्सेई. दुसरं काहीही सांगा, ऐकतो." तो जागचा हलला नाही. सगळ्यांसमोर तमाशा नको म्हणून बाईंनी राग गिळला आणि सराव सुरू करून दिला.

आई आली ती धापा टाकत, खांद्याला ऑफिसची पर्स. बाईंनी तिला व्हरांड्यात गाठून एका दमात सगळं सांगितलं. वही, ताप, पाठलाग. "पोलिसांत जायचं असेल तर मी येते तुमच्याबरोबर."

"कुठंय तो?" आईनं विचारलं.

बाईंनी दाराच्या काचेकडे बोट केलं. "तो निळ्या शर्टातला."

आत यूकी काहीतरी विचारत होती. कागीसान नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मग घाईघाईनं वहीची पानं उलटू लागला.

आई काचेला नाक लावून बघत होती.

"ती बोलतेय त्याच्याशी?"

"बोलावंच लागतं. पण इतके दिवस नुसती उत्तरं द्यायची, आज तीच त्याला विचारतेय. बघा ना, किती जवळीक वाढवलीय त्यानं!"

आई बाकावर बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका. आजपासून हा माणूस तुमच्या मुलीच्या आसपास दिसणार नाही."

आईनं तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"असं नका हो करू, बाई," ती म्हणाली. "एका घरात राहून तीन वर्षांत पोरीनं बापाशी शब्द काढलेला नाही."