दाराचा रंग

जेवणाच्या टेबलावर एका जुन्या पोस्टरची कोरी बाजू पसरली होती आणि तिच्यावर पेंटरने अख्खं गाव उभं केलं होतं. नदी, नदीवरचा पूल, पुलापलीकडून वर चढत जाणारी दगडी गल्ली आणि गल्लीच्या टोकाला आपलं घर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे नकाशातल्या दुकानांवरही इवल्या इवल्या पाट्या लागल्या होत्या. आठ दिवसांनी सगळे त्या गावाला निघणार होते. मुलीने त्याला न विचारता तिकिटं काढली, तेव्हा नको म्हणायला त्याला तोंडच उरलं नव्हतं.

"आजोबा, दार राहिलं," नात म्हणाली.

पेंटरने ब्रश निळ्यात बुडवला आणि नेहमीप्रमाणे त्याची तंद्री लागली. पायाखाली पूल आला. पाणी इतकं संथ होतं की आवाजही नव्हता. गल्ली चढताना गुडघे मुळीच कुरकुरले नाहीत. वरच्या खिडकीतून कुणीतरी त्याला लाडाने हाक मारली. तो निळ्या दाराशी पोचला, आणि हात लावायच्या आधीच दार आपसूक उघडलं. आत काय आहे हे मात्र त्याला आजवर दिसलं नव्हतं. नेमका तिथेच तो भानावर यायचा.

आजही आला, कारण बेल वाजली. त्याची थोरली बहीण आक्का दारात उभी होती, प्रवासाची पिशवी खांद्याला लावून. दोन गावं ओलांडून ती या सहलीसाठीच आली होती.

गाव सुटलं तेव्हा पेंटर आठ महिन्यांचा होता. मुलगी लहानपणी एकदा हट्टाला पेटली होती, गावच्या घराचं दार कोणत्या रंगाचं ते सांगा म्हणून. त्या दिवशी त्याच्या नखांत निळा रंग होता, म्हणून निळं असं सांगून त्याने वेळ मारून नेली. मग दारामागून गल्ली आली, गल्लीमागून पूल. ते गाव ऐकता ऐकता मुलगी झोपायची, आता नात झोपत होती. त्या गावावर त्याचा स्वतःचाही जीव जडला होता. खरं गाव पाहिलेली एकटी आक्काच उरली होती. नऊ वर्षांची असताना ती तिथून निघाली. पुढे जन्मभर कोर्टात टायपिस्ट होती. साक्षीदार जे बोलला नाही, ते तिच्या मशीनमधून कधी उमटलं नाही. शिवाय तोंडाची फटकळ.

"आक्काआजी, बघ ना," नातीने तिला हाताला धरून टेबलाशी आणलं. "असंच होतं ना?"

आक्काने चष्मा बदलला. तिचं बोट नदीवरून निघालं, पुलावर थांबलं, सावकाश गल्ली चढलं. मुलगी प्रवासाची यादी करत होती, तिनेही पेन खाली ठेवलं. पेंटरचा जीव टांगणीला लागला होता. आता एका वाक्यात हिने सगळं पुसलं की लेकीला काय तोंड दाखवायचं, आणि डोळे मिटल्यावर आपण तरी जायचं कुठे?

बोट दारावर आलं.

"निळा जरा अजून गडद कर," आक्का म्हणाली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

पेंटर ब्रश हातात घेऊनच तिच्या मागे गेला. "आक्का, खरंच निळं होतं?"

"दारच नव्हतं. गोणपाट होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून आई त्याला खाली दगड बांधायची."

"मग बाहेर त्यांच्यासमोर होतं असं कशाला म्हणालीस?"

"मी कुठे होतं म्हणाले? गडद कर म्हणाले." तिने ग्लास धुऊन उपडा ठेवला. "तुझी लेक तिसरीत असताना तिने मला निळ्या दाराचं एक चित्र पाठवलं होतं. 'आपलं घर' असं खाली लिहिलेलं. कपाटाच्या आतल्या बाजूला लावलंय मी ते. त्याआधी मला नेहमी गोणपाटच स्वप्नात यायचं. थंडीत फडफडणारं. आता नाही येत. आता मी दार उघडून आत जाते."

ब्रशवरचा निळा थेंब फरशीवर पडला, तो पेंटरने पायाच्या अंगठ्याने पुसला.

"पण तिथे गेल्यावर या दोघींना काय सांगायचं?"

"पासष्ट वर्षांत सगळं बदललं असेल म्हणायचं. बदललंच असणार. त्यात खोटं काय?"

बाहेरून मुलीने विचारलं, "आत्या, तुझी शाल यादीत धरू का?"

"धर. आणि तुझ्या बापाला एक जाड स्वेटर. पहिल्यापासून थंडी सोसत नाही त्याला."

ती निघाली, तशी पेंटरने तिची बाही धरली. लहान असताना धरायचा तशीच.

"आक्का, तू आत जातेस म्हणालीस. मला कधी दिसत नाही. आत काय असतं?"

आक्का थांबली. चष्मा काढून तिने डोळे मिटले.

"तू असतोस," ती म्हणाली. "गोधडीत गुंडाळलेला, पार गारठलेला. मी येते, दार लावून घेते, मग रडायचा थांबतोस."