स्टीलची वाटी

परळीच्या आमच्या गल्लीत पहिला मिक्सर शेजारच्या ईश्वरप्पा दुकानदाराकडं घुरघुरला, अन् आमच्या मालकांचं डोकंच फिरलं. “त्यांची चटणी बघ, नुसतं लोणी! दुभती शेळी विकीन, पण मिक्सर आणीन.” तिकडं त्यांची नीलाबाई रडकुंडीला आलेली, नवऱ्याला आमच्या पाट्यावरचीच चटणी पाहिजे, मिक्सर विकायला निघालते. बाजारादिवशी सकाळी आमी दोघींनी भिंतीवरून रिकाम्या वाट्या बदलल्या. तिच्या स्टीलच्या वाटीत मी माझीच चटणी भरून मालकांपुढं ठेवली. माझ्या जर्मनच्या, म्हंजे ॲल्युमिनियमच्या वाटीत तिनं मिक्सरची भरून तिच्या नवऱ्यापुढं. आमच्या मालकांनी वाटी चाटूनपुसून साफ केली. “याला म्हणतात मिक्सर!” म्हणत शेळीचं दावं सोडायला उठले. मी दार अडवलं. “बसा खाली! चटणी माझ्याच पाट्यावरची हाय, वाटी तेवढी त्यांची.” तेवढ्यात भिंतीपलीकडून ईश्वरप्पा बोटं चाटत मालकांना ओरडले, “आसाराम, नशीब काढलंस बे! पाट्याची सर मिक्सरला येणारच न्हाई!”