पाचवा पाय

रंगवण्याआधी नक्षीसाठी सुताला गाठी बांधताना विणकराच्या बायकोचं लक्ष चुकलं आणि विणलेल्या शालीवर हत्ती उमटले ते पाच पायांचे. विणकराने येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर तिची टर उडवली.

“जास्तच आहे ना, कमी तर नाही?” ती म्हणाली.

शाल मात्र हातोहात खपली. एका कारखान्याने तिची हुबेहूब नक्कल छापून सगळा बाजार पाच पायांच्या हत्तींनी भरून टाकला.

पुढच्या शालीच्या गाठी विणकराने स्वतः डोळ्यांत तेल घालून बांधल्या. चार पायांचे हत्ती, बघत राहावेत असे!

गिऱ्हाईक बाईंनी शाल उलगडली, पाय मोजले आणि बाजूला सारली. “नक्कल कळते हो मला. असली असती तर पाच नसते का?”

विणकर आत गेला.

“अगं, ऐकतेस का? तो पाचवा पाय नेमका कुठे बांधला होतास?”